जुनी टूरिंग बाईक घेताय? शोधण्यापासून लांबच्या रस्त्यापर्यंत, पायरी पायरीने

पंधरा वर्षांहून जुनी, मोठ्या इंजिनाची, पुढे रुंद फेअरिंग (वारा अडवणारं कव्हर), दोन्ही बाजूंना सामानाचे डबे आणि मागच्या माणसाला ऐसपैस सीट असलेली गाडी, म्हणजे जुनी टूरिंग बाईक. होंडाची गोल्ड विंग आणि एसटी ११००, बीएमडब्ल्यूच्या आरटी, यामाहाची एफजेआर १३००, कावासाकीची जीटीआर १००० ही त्यातली ओळखीची नावं. दिवसभर बसलं तरी अंग आंबत नाही, दोघं आणि सामान घेऊन चढावर ओढतात, आणि नव्या गाडीच्या मानाने खूप कमी पैशात मिळतात. म्हणून नवे लोक त्यांच्याकडे वळतात. पण यातले बरेच जण गाडी घेतल्या घेतल्या लांब निघतात आणि वाटेत कुठेतरी अडकतात.

अडकण्याचं कारण सहसा इंजिन नसतं. ही इंजिनं मोठी, कमी आरपीएमवर चालणारी आणि दणकट असतात. वेळच्या वेळी ऑइल बदललेलं असेल तर लाखभर किलोमीटर हे त्यांचं निम्मं आयुष्यही नसतं. दगा देतं ते रबर, द्रव आणि वायरिंग. ब्रेकचे होज, टायर, सील, ब्रेक ऑइल, कूलंट, कनेक्टर हे सगळं गाडी चालली नाही तरी म्हातारं होतं. किंबहुना उभ्या गाडीत जास्तच लवकर होतं. त्यामुळे जुनी टूरिंग बाईक बघताना किलोमीटरच्या आधी वर्षं मोजायची. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

## १. आधी मॉडेल ठरवा

समोर दिसली, चकचकीत होती, म्हणून घेतली, असं करू नका. आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

वजन झेपेल का? या वर्गातल्या बहुतेक गाड्या पावणेतीनशे किलोपासून पुढे सुरू होतात. १९८८ साली आलेली सहा सिलिंडरची गोल्ड विंग १५०० साडेतीनशे किलोच्या वर जाते. तिला सेल्फच्या मोटरवर चालणारा रिव्हर्स दिलाय तो उगीच नाही. गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, आणि साइड स्टँडवरून ती दम न लागता सरळ करता येते का, हे पाहा. नुसते अंगठे टेकत असतील तर ती गाडी सोडा. सराव होईल म्हणून मन घट्ट करून घेऊ नका.

पार्ट मिळतील का? फिल्टर, पॅड, बेअरिंग, सील बहुतेक मॉडेल्सचे अजून मिळतात. अवघड असतात ती फेअरिंगची प्लॅस्टिकं, मीटरचं पॅनेल, जुन्या एबीएसचं युनिट आणि इलेक्ट्रॉनिक बॉक्स. त्यामुळे इंजिन थोडं घाण पण प्लॅस्टिक शाबूत असलेली गाडी, चकाचक इंजिन आणि तुटक्या फेअरिंगच्या गाडीपेक्षा बरेचदा स्वस्त पडते.

तिसरा प्रश्न: त्या मॉडेलची खोड काय आहे? प्रत्येक जुन्या मॉडेलला एखादी असतेच आणि ती आधी माहीत असली की सौदा वेगळा होतो. गोल्ड विंगच्या १०००, ११०० आणि १२०० मध्ये वीज तयार करणारा स्टेटर इंजिनाच्या मागच्या भागात आत बसवलेला आहे. तो जळला की बदलायला अख्खं इंजिन फ्रेममधून उतरवावं लागतं. १५०० मध्ये अल्टरनेटर बाहेरून बसतो, तिथे हेच काम सोपं आहे. या चारही मॉडेल्सना टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) आहे, आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. 'शेवटचा बेल्ट कधी बदलला?' याला लेखी उत्तर नसेल, तर बेल्ट बदलायचाच आहे असं धरून पैसे मोजा. शाफ्टवाल्या (साखळीऐवजी दांड्याने मागचं चाक फिरवणाऱ्या) जुन्या बीएमडब्ल्यूंमध्ये स्प्लाइनला, म्हणजे जोडावरच्या दात्यांना, वेळोवेळी ग्रीस लागतं. ते झालं नसेल तर दाते झिजून सपाट होतात.

माझं मत विचाराल तर, ज्यांना हात काळे करायची आवड आहे त्यांनी १९७८ च्या आर १०० आरटीसारखी एअर-कूल्ड बॉक्सर (दोन्ही बाजूंना आडवे सिलिंडर असलेली) बघावी. दोन्ही हेड बाहेर आलेली असल्याने टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायला हेडवरच्या झाकणांशिवाय काही उतरवावं लागत नाही. ज्यांना फक्त चालवायचं आहे त्यांनी कार्बुरेटरच्या वाटेला न जाता २००१ नंतरची फ्युएल इंजेक्शनची गाडी शोधावी. एफजेआर १३०० त्याच वर्षी आली.

## २. गाडी बघायला जाल तेव्हा

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर समजा की थंड असताना सुरू होण्याचा त्रास झाकला जातोय. अशा वेळी थांबा, किंवा दुसऱ्या दिवशी या.

थंड इंजिन सुरू करताना मागे कुणाला तरी उभं करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरी वाफ पहिली दोन मिनिटं चालेल, इंजिन गरम झाल्यावरही येत राहिली आणि कूलंटचा गोडसर वास आला तर हेड गॅस्केटचा संशय धरा. मल्टिसिलिंडर गाडीत प्रत्येक सिलिंडरमधून निघणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपापाशी हात नेऊन बघा (टेकवू नका). एक पाइप थंड राहिला तर तो सिलिंडर मिस करतोय.

इंजिन बंद असताना ऑइलची काडी बाहेर काढा आणि वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्बुरेटरची फ्लोट नीडल किंवा पेट्रोलचा कॉक गळतोय आणि पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरतंय. हे किरकोळ वाटतं, पण सिलिंडर पेट्रोलने भरलेला असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

मग गाडी मेन स्टँडवर घ्या. पुढचं चाक अधांतरी करून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. अगदी मधोमध, सरळ रस्त्याला असतं त्या जागी, हँडल खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) गेलाय. फोर्क धरून पुढे-मागे ढकला, कट् असा खेळ जाणवला तरी तेच. मागचं चाक वरून-खालून धरून हलवा, स्विंगआर्मची आणि चाकाची बेअरिंग कळतील. फोर्कच्या नळ्यांवर तेलाची ओली रिंग म्हणजे ऑइल सील गेलं, आणि नळीवर गंजाचे फोड असतील तर नवं सीलही टिकणार नाही.

टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. गंज दिसला तर तो कार्बुरेटरमध्येही पोचलेला आहे असं धरा. ब्रेकच्या डबीची काच बघा. ताजं ब्रेक ऑइल फिक्या रंगाचं असतं. ते गडद तपकिरी झालं असेल तर मालकाने बाकीच्या गोष्टींकडे किती लक्ष दिलं असेल, याचा अंदाज इथेच येतो.

आता सीट किंवा बाजूचं कव्हर उतरवायची परवानगी मागा आणि वायरिंग बघा. स्टेटरकडून येणाऱ्या तीन वायरींचा, बहुतेक गाड्यांत पिवळ्या रंगाच्या, कनेक्टर शोधा. मूळ पांढरं प्लॅस्टिक कडेने तपकिरी झालंय, एखाद्या पिनच्या भोवती वितळून आत बसलंय, वायरीचं इन्शुलेशन कडक होऊन बोटाने मोडतंय, असं दिसलं तर चार्जिंगचं काम समोर उभं आहे. जागोजागी चिकटपट्टी गुंडाळलेले जोड, फ्यूजच्या जागी तार, मधूनच निघून कुठेतरी जाणारी एक्स्ट्रा वायर, यांपैकी काहीही दिसलं तर किंमत पाडा नाहीतर निघा. माझ्या अनुभवात वायरिंगचे घोळ निस्तरायला इंजिनापेक्षा जास्त वेळ जातो.

## ३. कागदपत्रं

नियम प्रत्येक देशाचे वेगळे, पण एवढं सगळीकडे लागतं:

- नोंदणीपत्र, आणि त्यावरचा चासिस नंबर व इंजिन नंबर. दोन्ही नंबर गाडीवर स्वतः वाचा, पुसून, टॉर्च मारून. चासिस नंबर सहसा फ्रेमच्या मानेवर असतो. खरवडल्याच्या खुणा दिसल्या तर पुढे बोलूच नका.
- विकणाऱ्याचं ओळखपत्र. नाव नोंदणीपत्राशी जुळलं पाहिजे. 'मित्राची आहे, तो बाहेरगावी आहे' हे कारण चालवून घेऊ नका.
- कर्ज फिटल्याचा दाखला, गाडीवर कधी कर्ज असेल तर.
- चालू विमा आणि तपासणी किंवा प्रदूषणाचं प्रमाणपत्र, जिथे लागतं तिथे.
- सर्व्हिसची पावती-पुस्तिका.
- दोन्ही किल्ल्या. इमोबिलायझर असलेल्या गाडीची एकच किल्ली असेल आणि तीही हरवली तर खर्च मोठा येतो.

पैसे देण्याआधी विमा कंपनीला विचारून घ्या. ठरावीक वयानंतर काही कंपन्या फक्त त्रयस्थाचा विमा देतात.

## ४. हत्यारं जमवा

गाडी दारात येण्याआधी हे घरात हवं: त्या मॉडेलचं मूळ वर्कशॉप मॅन्युअल (चालकाची पुस्तिका वेगळी), पान्यांचा आणि ॲलन कीचा चांगला सेट, टॉर्क रेंच, मल्टिमीटर, हवेचा गेज, बॅटरी मेंटेनर, ब्रेक ब्लीड करायची (ऑइलमधली हवा काढायची) पारदर्शक नळी, ग्रीस आणि कॉन्टॅक्ट क्लीनर.

जपानी गाडी असेल तर जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर मुद्दाम घ्या. या गाड्यांचे स्क्रू चार पाकळ्यांचे दिसतात, पण साध्या फिलिप्स टोकाने फिरवले की डोकं खाल्लं जातं आणि मग कार्बुरेटरचा साधा झाकणाचा स्क्रू ड्रिलने काढावा लागतो.

## ५. लांब निघण्याआधी सगळं शून्यावर आणा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी हीच लोक टाळतात. आधीच्या मालकाने 'आत्ताच सर्व्हिस केलीय' सांगितलं असलं आणि पावती नसली, तर ते झालेलं नाही असंच माना. सगळे द्रव आणि जमेल तेवढं रबर एकदा स्वतः बदला आणि तारीख वहीत लिहा. तिथून पुढे गाडीचा हिशेब तुमच्या हातात येतो.

ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ हा प्रकार ताजा असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, पाणी शोषलेल्या अवस्थेत ही मर्यादा १५५ वर येते. लांब घाट उतरताना दोन माणसं आणि सामान असलेल्या जड गाडीचे कॅलिपर भयंकर तापतात, आत वाफ होते आणि लिव्हर हँडलपर्यंत येऊन टेकतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदला. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३, ४ किंवा ५.१ वाल्या सिस्टिममध्ये अजिबात घालू नका. नाव जवळपास सारखं असल्याने ही चूक सहज होते, डबीवर नीट वाचा.

होजकडे तेवढंच लक्ष द्या. मूळ रबरी होज वीस वर्षांचे असतील तर बाहेरून ठीक दिसले तरी आतून फुगलेले असू शकतात. ओळखायची रीत अशी: गाडी मेन स्टँडवर घ्या, ब्रेक दाबून सोडा आणि चाक लगेच हाताने फिरवा. चाक जड फिरलं आणि काही सेकंदांनी सैल झालं, तर ऑइल परत यायला वाट सापडत नाहीये. कारण होज तरी आहे, नाहीतर कॅलिपरचा अडकलेला पिस्टन. मी तर जुन्या गाडीचे होज सरळ बदलून स्टीलच्या जाळीचे घालावे असंच सांगतो.

काही टूरिंग गाड्यांत ब्रेक जोडलेले असतात, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढची एक डिस्कही धरते. त्यांचा ब्लीड करायचा क्रम मॅन्युअलप्रमाणेच पाळा. २००१ नंतर काही वर्षं बीएमडब्ल्यूच्या टूरिंग गाड्यांत सर्वो मोटरवर चालणारे ब्रेक आले. त्यांत इग्निशन बंद असताना ब्रेकला फारच कमी जोर असतो. अशी गाडी उतारावरून बंद अवस्थेत ढकलत नेऊ नका. त्यांचं ब्रेकचं काम त्या सिस्टिमची माहिती असलेल्या मेकॅनिककडूनच करा.

ऑइल. इंजिन आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतील, तर डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ (अशा ओल्या क्लचसाठीचं जपानी मानक) लिहिलेलं हवं. कारसाठीच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने क्लच घसरतो. ड्राय क्लचच्या बॉक्सरला ही अट नाही. शाफ्टच्या फायनल ड्राइव्हचं ऑइल लोक विसरतात, आणि ते थोडंसंच असल्याने कमी झालेलं कळतही नाही. काढताना त्यात चमचमणारी भुकटी किती आहे ते बघा. बारीक करडी पेस्ट चालते, कण नकोत.

कूलंट. ॲल्युमिनियम इंजिनाला चालेल असं, सिलिकेट नसलेलं घ्या. सोबत रेडिएटरचे होज आणि थर्मोस्टॅटही बदला. पंखा सुरू होतो का हे गाडी उभी ठेवून, इंजिन गरम होऊ देऊन बघा. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर हे कळून उपयोग नाही.

पेट्रोलची वाट. पेट्रोलच्या नळ्या, फिल्टर, कार्बुरेटरची रबरी सीट. जुन्या नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या, त्या मऊ पडतात किंवा तडकतात. आणि त्या गरम इंजिनाच्या वर असतात. इथेनॉल चालणाऱ्याच नळ्या घ्या.

टॅपेट, प्लग, एअर फिल्टर हे नेहमीचं. त्यावर वेगळं सांगण्यासारखं नाही. टॅपेट मात्र आवाज आला नाही म्हणून सोडू नका. फट कमी होत गेली तर टॅपेट उलट शांत होतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

## ६. चार्जिंग तपासा, दहा मिनिटांत

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि बॅटरीच्या टोकांना लावा.

रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली गेला तर बॅटरी किंवा सेल्फ, दोन्हींपैकी एकाचं काम आहे. इंजिन चालू करून तीन-चार हजार आरपीएमवर धरा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यायला हवा. १३ च्या खाली राहिला तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) गेला आणि तो बॅटरी उकळवतोय.

आकडा कमी असेल तर लगेच बॅटरी विकत घेऊ नका. बहुतेक जण इथेच पैसे घालवतात, नवी बॅटरी टाकतात आणि ती आठवड्यात बसते. स्टेटरचा तीन वायरींचा कनेक्टर सोडवा. इंजिन बंद ठेवून प्रत्येक दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा, तिन्ही जोड्यांचा सारखा हवा. कुठलीही वायर आणि फ्रेम यांच्यात जोड दिसता कामा नये, दिसला तर स्टेटर गेला. मग मीटर एसी व्होल्टवर घेऊन इंजिन चालू करा. रेस वाढवताना तिन्ही जोड्यांचे व्होल्ट एकसारखे वाढायला हवेत. ते वाढत असतील तर स्टेटर ठीक, दोष रेग्युलेटरचा किंवा कनेक्टरचा.

हीटेड ग्रिप, एक्स्ट्रा दिवे, फोनचा चार्जर हे सगळं लावायचा मोह या गाड्यांवर होतोच. आधी तुमचा अल्टरनेटर किती वॅट देतो आणि गाडीचा स्वतःचा खर्च किती, हे मॅन्युअलमध्ये बघा. जे उरेल त्यातच भागवा. प्रत्येक जोडाला स्वतंत्र फ्यूज आणि रिले.

## ७. टायर

साइडवॉलवर डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच अंक दिसले तर टायर २००० च्या आधीचा आहे, त्यावर गाडी घरापर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका. पाच वर्षांनंतर दरवर्षी बारकाईने तपासायचा, दहा वर्षांनंतर नक्षी पूर्ण असली तरी काढायचा. उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर अगदी नवे दिसतात आणि म्हणूनच फसवतात. रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर ते धरत नाही.

नवा घेताना साइझबरोबर लोड इंडेक्सही (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरएवढा तरी हवा. हवा थंड टायरमध्ये मोजा. पुढच्या टायरवर खाचांच्या कडा लाटांसारख्या वरखाली झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली गेलीय, किंवा कोनसेट सैल आहे. वेग उतरत असताना साठ-सत्तरच्या आसपास हँडल थरथरतं, ते बहुतेकदा याच दोन कारणांनी. नवा टायर घातल्यावर सुरुवातीला सांभाळून चालवा, तो गुळगुळीत असतो.

## ८. वजन सांभाळायला शिका

जड गाडी वेगात हलकी वाटते, ती पडते उभी राहताना. सगळ्यात जास्त वेळा पडते ती अशी: हँडल वळलेलं आहे, वेग चालण्याइतका आहे, आणि चालवणाऱ्याने पुढचा ब्रेक दाबला. गाडी वळलेल्या बाजूला झटकन झुकते आणि तीनशे किलो पायावर पेलत नाहीत. म्हणून पहिला नियम: हँडल सरळ झाल्याशिवाय पुढचा ब्रेक नाही. हळू वळताना मागचा ब्रेक हलका दाबून ठेवा, क्लच अर्ध्यावर, रेस स्थिर, आणि नजर जिथे जायचंय तिथे. चाकाकडे बघितलं की गाडी तिथेच बसते. मोकळं मैदान शोधा, डबे उतरवून ठेवा आणि दोन पार्किंगच्या जागांएवढ्या रुंदीत यू-टर्न जमेपर्यंत हे करत राहा.

वेग वाढला की गाडी हँडल उलट ढकलून वळते. उजवीकडे जायचं तर उजवी ग्रिप पुढे ढकला. आपण सगळे नकळत हेच करतो, पण जड गाडीवर ते जाणूनबुजून करता आलं पाहिजे, कारण अचानक आलेला खड्डा चुकवायला अंग झुकवून भागत नाही.

पडलीच तर उचलायची रीत आधी शिकून ठेवा. इंजिन बंद करा. पेट्रोल गळत असेल तर आधी कॉक बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे जाणार नाही. गिअरमध्ये टाका. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबर टेकवा, एका हाताने खालची ग्रिप, दुसऱ्याने फ्रेम किंवा मागचं हँडल धरा. पाठ ताठ ठेवून, पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत जा. कंबर वाकवून उचलायला गेलात तर पाठ धरेल. कुणी मदतीला असेल तर सरळ हाक मारा.

## ९. सामान आणि मागचा माणूस

मॅन्युअलमध्ये किंवा फ्रेमवरच्या पट्टीवर एकूण कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं भरलेल्या टाकीसकट वजन वजा करा. उरेल त्यात तुम्ही, मागचा माणूस, दोघांचे कपडे-हेल्मेट आणि सामान. मोठ्या गाड्यांवरही हा आकडा वाटतो त्यापेक्षा लहान निघतो. एकदा कागदावर मांडाच.

जड वस्तू साइड बॉक्समध्ये, तळाशी, पुढच्या बाजूला. दोन्ही बॉक्स सारख्या वजनाचे. टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि हलक्या गोष्टीच, कारण तो मागच्या चाकाच्याही मागे आणि उंचावर असतो. तो जड भरला की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात गाडी शेपूट हलवायला लागते. दोघं बसणार असाल तर मागच्या शॉकअबचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवा, हवा मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिलेली ठेवा, आणि हेडलाइटचा कोन खाली घ्या. नाहीतर समोरच्यांच्या डोळ्यांत उजेड जातो.

मागे बसणाऱ्यालाही दोन गोष्टी सांगा: विचारल्याशिवाय चढायचं-उतरायचं नाही आणि वळणावर गाडीबरोबर झुकायचं, उलट नाही.

## १०. रस्त्यावर

निघण्याआधीच्या तपासणीसाठी अमेरिकेच्या मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनची टी-क्लॉक्स यादी चांगली आहे: टायर आणि चाकं, कंट्रोल्स, दिवे, ऑइल व इतर द्रव, चासिस, स्टँड. रोज सकाळी गाडीभोवती एक फेरी मारत हे होतं. जुन्या गाडीच्या बाबतीत मी त्यात जमीन जोडतो. रात्रभर उभी होती तिथे खाली डाग आहे का, आणि असेल तर कसला, हे बोट लावून बघा.

जुन्या टूरिंग गाडीचे ब्रेक आजच्या गाड्यांसारखे नसतात, आणि त्यावरचं वजन जास्त असतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं. ताशी ९० च्या वेगाने तुम्ही एका सेकंदात २५ मीटर जाता, ब्रेक दाबायच्याही आधी. त्यामुळे पुढच्या गाडीपासून किमान तीन सेकंदांचं अंतर, पावसात त्याहून जास्त. एबीएस नसेल तर रिकाम्या रस्त्यावर जोराचा ब्रेक मारायचा सराव करा: आधी हलका दाब, वजन पुढे आलं की मग वाढवत जा. एकदम आवळला तर चाक लॉक होतं. उतारावर खालचा गिअर घ्या आणि इंजिनाला काम करू द्या.

१९८१ च्या हर्ट अहवालासाठी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची सखोल तपासणी झाली होती. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत, समोरच्या वाहनाने मोटरसायकलची वाट अडवली होती. गाडी एवढी मोठी असूनही तुम्ही दिसत नाही असंच धरा. चौकात आडवी वळायला थांबलेली गाडी दिसली की रेस सोडा, ब्रेकवर बोटं ठेवा, आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांपेक्षा तिच्या पुढच्या चाकाकडे बघा. गाडी निघाली तर आधी चाक फिरतं.

मोठ्या फेअरिंगमागे वारा लागत नाही, म्हणून थकवा उशिरा कळतो. दीड-दोन तासांनी थांबा, पाणी प्या, उतरून चाला. पूर्ण हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट हे दहा किलोमीटरसाठीही. सोबत टायर पंक्चरचं किट, छोटा पंप, फ्यूज, क्लचची केबल (असेल तर) आणि वायरीचा तुकडा ठेवा.

पहिला प्रवास एका दिवसाचा करा, परत घरी येण्याचा. नंतर एक रात्र. नव्या कामानंतरचे दोष याच फेऱ्यांत वर येतात.

## ११. उभी ठेवायची असेल तर

महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर ऑइल आधी बदला, नंतर नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी असतं, ते बेअरिंगवर बसून राहू नये. टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा कमी आणि गंज कमी. पेट्रोल स्टॅबिलायझर टाकून इंजिन दहा मिनिटं चालवा. कार्बुरेटर असतील तर त्यानंतर कॉक बंद करून फ्लोट बाउल खालच्या स्क्रूने रिकामे करा. पेट्रोल सुकून चिकट थर बसतो आणि सगळ्यात आधी पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजतो, मग बाहेर काढल्यावर गाडी चोक ओढूनच चालते. बॅटरी मेंटेनरवर. टायरमध्ये हवा पूर्ण, गाडी मेन स्टँडवर.

दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करायची सवय अनेकांना असते. ती सोडा. इंजिन पुरेसं तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठतं, बॅटरी जेवढी खर्च होते तेवढी भरत नाही. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर चालवा, नाहीतर झाकून ठेवा.

बाहेर काढाल त्या दिवशी ब्रेक आधी उभ्या गाडीवर दाबून बघा, मग चालण्याच्या वेगात, पुढचा वेगळा आणि मागचा वेगळा. डिस्कवरचा गंज पहिल्या काही दाबांत निघून जातो. त्यानंतर एक छोटी फेरी मारून परत या, इंजिन थंड होऊ द्या, आणि गाडीखाली पुन्हा एकदा बघा.